नानांच्या कोटाचा वास

नाना कामावरून घरी आले की आई आधी त्यांचा कोट काढून घ्यायची आणि मग ‘आलात का’ म्हणायची. कोट अंगापासून लांब धरून ती बाल्कनीत न्यायची, तारेवर टांगायची, दार घट्ट लावून घ्यायची आणि कोपरापर्यंत हात धुवायची. बाहेर बर्फ पडत असलं तरी यात फरक पडत नसे. सकाळी कोट लाकडाच्या फळीसारखा ताठ झालेला असायचा आणि नाना तो तसाच चढवून निघायचे. वास कसला, तर सडलेल्या कांद्याचा, त्यात शिळ्या कोबीचा, आणि वर लसूण, तीही ओल्या फडक्यात गुंडाळून विसरून गेलेली. नानांच्या केसांना तो होता, उशीच्या अभ्र्याला होता, माझ्या शाळेच्या पुस्तकांनाही होता. नाना ज्या नव्या विभागात केमिस्ट होते तिथे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायचं एक द्रव्य तयार होई. त्याच्या कृतीत मध्येच एक वायू येतो आणि त्याचा कणभर अंश कपड्याला लागला तरी माणूस ओळखू येतो, असं नाना सांगायचे. “कोंबड्यांना नाकं नसतात ते बरं,” असं आई म्हणायची.

ऱ्हाईनच्या काठचं गाव होतं ते, लुडविग्सहाफेनपासून आगगाडीनं तासाभरावर. लुडविग्सहाफेनच्या त्या अवाढव्य कारखान्यापुढे आमच्या गावचा कारखाना म्हणजे चिल्लर, पण गावाला त्याचा रुबाब केवढा! त्याचं नावसुद्धा कोणी घेत नसे, नुसतं ‘वेर्क’ म्हणायचे. घरं वेर्कची, फुटबॉलचं मैदान वेर्कचं, नाताळातला बँड वेर्कचा. नाना डॉक्टरेटसाठी जर्मनीत आले ते इथेच चिकटले, आणि मागाहून मिरजेहून आई आणि मी आलो. आम्हाला वेर्कच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या होत्या. त्या इमारतीत त्या वासाच्या विभागातले एकटे नानाच. बाकी सगळे कचेरीतले लोक, शाई सोडली तर कशाचाच वास नसलेले. मी जे सांगते आहे त्या वेळी मी तेरा-चौदा वर्षांची असेन.

आईचं स्वयंपाकघर म्हणजे रोजची तडजोड होती. हळद आपोटेकमध्ये, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळायची, आणि प्रत्येक वेळी तो औषधवाला गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, घरात कोण आजारी आहे? क्वार्कमध्ये, म्हणजे तिकडच्या चक्क्यात, साखर घोटून श्रीखंड व्हायचं, ताकाची कढी व्हायची, आणि तूरडाळ नाही म्हणून चपट्या तपकिरी मसुराची आमटी. लसूण मात्र त्या गावात औषधालासुद्धा मिळत नव्हती. या सगळ्याला आमचं जेवण म्हणता यायचं ते एका हिंगामुळे. मिरजेचा मामा बोटीच्या पार्सलनं हिंगाची डबी पाठवायचा, तीन फडक्यांत गुंडाळून, वर लाखेचं सील ठोकून. तरी पोस्टमन ती आईच्या हातात अशी द्यायचा जणू मेलेला उंदीर देतोय. फोडणीत हिंग पडला की आई क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. त्या देशात ती खऱ्या अर्थानं घरी असायची ती तेवढा वेळ. आज मी तोच हिंग भारतीय दुकानातून हवा तेव्हा आणते, फोडणीत टाकते आणि दुसऱ्या कामाला लागते. मला काही होत नाही.

एका हिवाळ्याच्या सुरुवातीला इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा म्हातारा, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्रेमर यांची तक्रार होती. फ्राऊ ब्रेमर म्हणजे नाकानं कांदे सोलणारी बाई. नवरा वेर्कच्या हिशेबखात्यात. “फ्राऊ दातार, ट्रेपेनहाउसमध्ये तुमच्या जेवणाचा वास येतो. लसणीचा,” म्हातारा म्हणाला. जिन्यात येणारा वास कुठला, हे त्या म्हाताऱ्यालाही माहीत होतं. वेर्कच्या गावात जन्मला होता तो. पण वेर्कला वास येतो असं त्या गावात कोणी बोलत नसे, आणि तिसऱ्या मजल्यावर एक परदेशी बाई आयती मिळाली होती. आईनं मान डोलावली. दार लावलं. आणि त्या दिवसापासून हिंगाची डबी फळीच्या मागे गेली.

अख्खा हिवाळा आम्ही बिनहिंगाची आमटी खाल्ली. वास होता तिथेच होता, आणि फ्राऊ ब्रेमर जिन्यात आई दिसली की रुमाल नाकाला लावायची ती लावतच होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. एका संध्याकाळी आईनं ताट वाढता वाढता विषय काढला.

“अहो, तुम्ही एकदा सांगा ना त्या लोकांना. कोटाचा वास आहे म्हणावं.”

“अगं, वेर्कच्या घरात राहायचं आणि वेर्कला वास येतो म्हणायचं? सगळ्यांना ठाऊक आहे ते.”

“ठाऊक आहे तर मग माझं नाव का घेतात?”

नानांनी भात कालवला. “एवढं वर्ष जाऊ दे. नेमणूक कायम झाली की दुसरीकडे घर मागू.”

नेमणूक कायम व्हायची होती हे खरं. नाना वर्षावर्षाच्या करारावर होते, आणि करार संपला की राहण्याचा परवानाही संपला. त्या वर्षी नव्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे येणार असं वरचे साहेब सुचवत होते. मिरजेला तसं पत्रही गेलं होतं, आणि मामानं ते आळीभर वाचून दाखवलं होतं. भीड भिकेची बहीण असं नाना मला शिकवत, पण स्वतः मात्र भीड सोडायला तयार नव्हते. एक वाक्य. जिन्यात उभं राहून त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य नाना बोलले नाहीत, आणि आईनं पुन्हा विचारलं नाही.

याच हिवाळ्यात हॅझलडीन आमच्या घरी यायला लागला. हा लंडनच्या एका आर्थिक वर्तमानपत्राचा जर्मनीतला बातमीदार, राहायला फ्रांकफुर्टला. वेर्कनं नवा विभाग पत्रकारांना दाखवला त्या दिवशी ‘आमचे भारतीय डॉक्टर’ म्हणून नानांना यंत्रांच्या शेजारी उभं केलं होतं. सगळ्यांनी यंत्रं पाहिली, हा नानांजवळ आला आणि हिंदुस्थानीत म्हणाला, “आप कहाँ के?” लढाईत तो देवळालीला होता. परमुलखात कोणी देवळाली म्हटलं की माणूस विरघळतो. ज्यांना घालवायला लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यातल्याच एकाला नानांनी तिथल्या तिथे जेवायला बोलावलं.

तो रविवारी यायचा. उंच, किंचित पोक काढून चालणारा, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला कोट. येताना चहा आणायचा, चांगला दार्जिलिंग. हातानं जेवायचा आणि आमटीची वाटी तोंडाला लावायचा. आईनं मला सांगितलं, काका म्हण, आणि मी त्याला काका म्हणायला लागले. स्वतःबद्दल तो मोकळेपणी बोलायचा. बाप रेल्वेत कारकून. हा पोरवयात लंडनच्या एका शेअर दलालाच्या कचेरीत चहा नेऊन द्यायचा, आणि कोणत्या साहेबानं चहा थंड होऊ दिला यावरून आज बाजारात काय चाललंय ते ओळखायचा. मग लढाई, मग विजयी सैन्याबरोबर जर्मनी. जर्मन भाषा तो पुस्तकातून शिकला नव्हता, शिधावाटप कचेरीतल्या बायकांकडून शिकला होता. “कंपनीचा अहवाल सगळेच वाचतात,” तो म्हणायचा, “मी कंपनीच्या फाटकासमोरच्या पावाच्या दुकानात बसतो.” आम्ही हसायचो. शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस आहे, असं नाना कौतुकानं म्हणायचे. आपल्याच घरातला भात शिजतोय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

नानांना तो कामाबद्दल एका शब्दानं विचारत नसे. नाना त्यासाठी तयार होऊनच बसलेले असत, ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून. पण तो विचारायचाच नाही. “माणूस सभ्य आहे,” नाना म्हणायचे, आणि निर्धास्त होऊन जेवणानंतर खुर्चीतच डुलकी काढायचे. मग तो स्वयंपाकघराच्या दारात स्टूल ओढून बसायचा आणि आईशी जर्मनमध्ये बोलायचा.

आईचं जर्मन कुठून आलं होतं ते सांगायला हवं. पावाच्या दुकानातून, तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीतून आणि रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमातून. मिरजेत सातवीपर्यंत शिकलेली बाई होती ती. वाक्य सुरू करायची, मध्येच एखादा शब्द सापडत नसे, मग ती हात हवेत धरून थांबायची. दुकानदार तेवढ्यात तिचं वाक्य स्वतःच पुरं करून पुडी बांधायचे. नाना मधूनच दुरुस्त करायचे. मी तर शाळेत जर्मन मुलांच्यात वाढत होते, मला धीरच नसायचा. थांबायचा तो एकटा हॅझलडीन. शब्द सापडेपर्यंत तो तिच्याकडे बघत शांत बसायचा, आणि सापडला की “गेनाऊ!” म्हणायचा. बरोब्बर! आई लाल व्हायची. शनिवारी चुलीपुढे ती उद्याची वाक्यं पुटपुटत जुळवताना मी ऐकली आहेत. त्या परक्या गावात तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा पहिला माणूस तिला भेटला होता. त्या हिवाळ्यात आई सुंदर दिसायला लागली होती, हे मी बाई म्हणून आज सांगू शकते. यात वावगं काही नव्हतं. माणसाचं कोणी ऐकलं की माणूस सुंदर दिसतं.

ईस्टरच्या सुमाराला नव्या विभागातल्या मोठ्या पात्राला आतून भोक पडलं. अस्तर खाल्लं गेलं होतं. सगळं बंद करावं लागलं, आणि पुन्हा केव्हा सुरू होईल ते कोणालाच सांगता येईना. हे मला फार नंतर कळलं. वरच्या साहेबांनी भागधारकांना कळवलं की नवा विभाग पूर्ण जोरात चालू आहे, आणि तसलाच दुसरा उभारायला त्यांच्याकडे आणखी भांडवल मागितलं. विभागातल्या माणसांना तोंड बंद ठेवायची ताकीद मिळाली. नानांनी ती इतकी पाळली की घरीही सांगितलं नाही. बायकोला काय सांगायचं, हा प्रश्नच त्या पिढीतल्या पुरुषांना पडत नसे. ते वेळेवर घरी यायला लागले, गप्प गप्प असायचे, आणि आईला एवढंच दिसलं की कोटाला वास नाही. चार दिवस ती सवयीनं कोट बाल्कनीत टांगत राहिली. मग एक दिवस तिनं तो नाकाशी धरला आणि आत खुंटीला लावला. त्याच संध्याकाळी फळीच्या मागून हिंगाची डबी बाहेर आली. आमटीला फोडणी बसली. आईनं मुद्दाम जिन्याकडचं दार उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी फ्राऊ ब्रेमर जिन्यात भेटली तर रुमाल नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई हिंगाचं प्रमाण वाढवत गेली. कोणी काही बोललं नाही. “आमटी छान झालीय,” असं नाना म्हणाले आणि त्यांनी आणखी भात घेतला.

त्यानंतरच्या एका रविवारी, मे महिन्यात, शतावरीच्या कोंबांच्या दिवसांत, हॅझलडीन आला. नाना जेवून खुर्चीत पेंगत होते. मी भांडी पुसत होते. आईनं पदर खोचला आणि अख्ख्या हिवाळ्याची फिर्याद त्याच्यापुढे मांडली. तुकड्यातुकड्यांनी, हातवारे करत, पण एकही मुद्दा न सोडता. फ्राऊ ब्रेमर म्हणते माझा वास. मी हिंग बंद. पूर्ण हिवाळा बंद. वास आहेच. आता मी हिंग घालते, रोज घालते, खूप घालते. जिन्यात वास नाही!

“मग वास कोणाचा?” आईनं विचारलं. न्यायालयात वकील विचारतो तसं.

“तुम्ही सांगा, फ्राऊ दातार.”

“कोटाचा! माझ्या मिस्टरांच्या कोटाचा. आता कोट स्वच्छ. ऑस्टर्नपासून स्वच्छ.”

ऑस्टर्न म्हणजे ईस्टर. हॅझलडीननं पेला खाली ठेवला. “ऑस्टर्नपासून? एकही दिवस नाही?”

“एकही दिवस नाही!”

“गेनाऊ,” तो म्हणाला. “तुम्ही जिंकलात, फ्राऊ दातार.” आणि त्यानं आणखी थोडी आमटी मागितली. आईनं वाटी काठोकाठ भरली. तो गेल्यावर ती गुणगुणत ओटा पुसत होती. तिच्या बाजूनं कोणीतरी निकाल दिला होता.

अर्ध्या गावाला ठाऊक होतं की नवा विभाग बंद आहे. फिटर लोकांना ठाऊक, त्यांच्या बायकांना ठाऊक, पाववाल्याला ठाऊक. पण ते बाहेरच्याला सांगणार नव्हते, कारण गावानं एकमेकांशी बोलून घेतलं होतं की हे बोलायचं नाही. आईशी कोणी बोलतच नव्हतं, मग बोलायचं नाही हे तरी तिला कोण सांगणार?

लेख छापून आला तेव्हा आम्हाला पत्ताही नव्हता. लंडनहून तो फ्रांकफुर्टला आला, फ्रांकफुर्टच्या बाजारात वेर्कचा शेअर कोसळला, आणि मग नानांना वर बोलावणं आलं. मोठ्या साहेबांच्या टेबलावर कात्रण होतं. लेखाची सुरुवातच जिन्यापासून होती. ऱ्हाईनकाठच्या एका गावात एक जिना आहे, ईस्टरपासून त्याला वास येत नाही, आणि भागधारकांनी त्याबद्दल आनंद मानू नये, अशा थाटाची. त्या विभागातला माणूस राहतो असा वेर्कच्या इमारतींत जिना एकच. आणि इंग्रज तिथे रविवारी जेवायला जातो हे फ्राऊ ब्रेमरनं कधीच सगळ्यांना सांगितलेलं होतं.

नाना भर दुपारी घरी आले. आईनं सवयीनं कोटासाठी हात पुढे केला, पण त्यांनी कोट काढला नाही. “हॅझलडीनला जिन्यातल्या वासाचं कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं. का?”

“काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. वास माझा नाही म्हणून सांगितलं.”

नाना खुर्चीत बसले. विभाग बंद असल्याचं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा आम्हाला सांगितलं. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उतरताना मी पाहिली: कोट, हिंग, ‘एकही दिवस नाही?’ हा प्रश्न, आमटीची भरलेली वाटी. मग ती म्हणाली, “तुम्ही जिन्यात एक शब्द बोलला असतात तर मला त्या माणसाला सांगावं लागलं नसतं.” हे ती ओरडून बोलली नाही. नानांनी तिला दोष दिला नाही, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. कित्येक वर्षं मला तो त्यांचा मोठेपणा वाटत होता. आता वाटतं, दोष द्यायला त्यांना तोंड नव्हतं.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे मी पोट भरलं ते याच धंद्यावर. एका जर्मन वर्तमानपत्राच्या अर्थविभागात मी जन्म काढला, आणि ताळेबंद वाचता वाचता डोळे घालवले. हॅझलडीननं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. खोटं वेर्कचे साहेब बोलले होते, आणि पेन्शनीतले पैसे घालून त्यांचे नवे शेअर घ्यायला निघालेल्या म्हाताऱ्या बायका त्या लेखामुळे वाचल्या. धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर काम चोख. पण ते पहिलं वाक्य त्याला गाळता आलं असतं. आपल्याला सगळं ठाऊकच आहे असं दाखवून फिटरांच्या तोंडून त्यानं बातमी पक्की केलीच होती, जिन्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. पण वाक्य चांगलं झालं होतं. चांगलं झालेलं वाक्य कोणताही पत्रकार गाळत नाही, हे मला आता त्याच्याइतकंच माहीत आहे, आणि त्यासाठी मी त्याला माफ करू शकत नाही. तो त्या लेखावर मोठा झाला. लंडनला परत गेला, अर्थविभागाचा प्रमुख झाला, सरकारी मेजवान्यांना जायला लागला. एकदा लंडनला तरुण पत्रकारांपुढे त्याचं भाषण मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आहे. नवऱ्याला कामाचं कधी विचारू नका, बायकोला घरचं विचारा, असं तो म्हणाला, आणि सभागृह खळखळून हसलं.

पण त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, तो आमच्या घरी आला होता. न कळवता नव्हे, रीतसर चिठ्ठी पाठवून. मला वाटलं नाना त्याला दारातून परत लावतील. पण दारात आलेल्या माणसाला परत लावायची नानांच्या सात पिढ्यांना सवय नव्हती. “या,” ते म्हणाले. त्याच्या हातात फुलं होती. तोवर नानांना विभागातून काढून तळघरातल्या अभिलेखागारात बसवलं होतं, दुसऱ्यांच्या शोधांचे सारांश लिहायला. सिद्ध काही झालं नव्हतं, म्हणून हाकललं नाही. करार वर्षावर्षाचाच राहिला. परत जावं तर मामानं आळीभर वाचून दाखवलेलं पत्र आडवं येत होतं. नाना तिथेच बसून निवृत्त झाले. आमचा कोट त्यानंतर कायमचा स्वच्छ राहिला.

“डॉक्टर दातार,” हॅझलडीन म्हणाला, “तुम्ही मला सांगितलेला एकही शब्द मी वापरलेला नाही.”

“नाही,” नाना म्हणाले. “माझा एकही शब्द नाही.”

आई पाणी घेऊन आली. त्यानं उभं राहून फुलं पुढे केली आणि जर्मनमध्ये तिची चौकशी केली, सावकाश, ती नेहमी बोलायची त्याच वेगानं. मग थांबला. तसाच, शांत, तिच्याकडे बघत. आई माझ्याकडे वळली.

“सुलू, त्यांना म्हणावं बसा. पाणी घ्या.”

मी जर्मनमध्ये सांगितलं. तो बसला. पाणी प्यायला. “फ्राऊ दातार, आपण तर नेहमी बोलतो,” तो म्हणाला.

“सुलू, त्यांना एक विचार,” आई मराठीत म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. “विचार, मी बोलत होते तेव्हा ते माझं ऐकत होते, की वासाचं ऐकत होते?”

मी विचारलं. मला वाटलं तो सारवासारव करील. पण हॅझलडीननं खोटं बोलायचं टाळलं, खोटं न बोलणं हे त्याचं शस्त्रच होतं. त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “दोन्ही.”

आईला भाषांतर लागलं नाही. तिनं रिकामा पेला उचलला आणि ती आत गेली. फुलं पाण्यात ठेवली, कारण फुलांचा काय दोष. तो गेला, आणि आईनं त्या दिवसापासून जर्मन बोलणं सोडलं. दुकानात बोट दाखवायची. डॉक्टरकडे मला न्यायची, पुढे माझी नोकरी आड आली तर नानांना, नाना गेल्यावर पुन्हा मला. लोक म्हणायचे, इतकी वर्षं राहिली बाई, पण भाषा काही आली नाही. फ्राऊ ब्रेमर तर हे हमखास म्हणायची. मी वर्तमानपत्रात लागले तेव्हा आईनं पेढे केले, क्वार्कचेच, पण त्यानंतर माझ्याशीही ती मोजकंच बोलायची. भाजी, हवा, मामाची तब्येत. मी नोकरीतले किस्से सांगायचे, ती ऐकायची, आणि मी तिला काही विचारलं की म्हणायची, “माझं काय असतंय?”

शेवटच्या आजारात ती तिकडच्याच इस्पितळात होती. डॉक्टर विचारायचे कुठे दुखतं, ती माझ्याकडे बघायची, मी मराठीत विचारायचे, ती मराठीत सांगायची, मी जर्मनमध्ये सांगायचे. एका दुपारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून जर्मन ऐकू येत होतं, जुन्या पद्धतीचं, त्या गावाच्या हेलाचं, मध्ये मध्ये थांबणारं. शेजारच्या खाटेवर फ्राऊ शेंक नावाची म्हातारी होती, स्मृती पार गेलेली, स्वतःच्या मुलाला रोज नव्यानं नाव विचारणारी. आई तिच्याकडे कुशीवर वळून बोलत होती. कृष्णेच्या घाटाबद्दल. सातवीत वर्गात पहिली आल्याबद्दल. मला शाळेत बाई व्हायचं होतं, ती सांगत होती, बापानं लग्न लावून दिलं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. शब्द अडला की ती हात हवेत धरून थांबत होती, आणि फ्राऊ शेंकही, घाई कशाचीच उरली नसल्यामुळे, थांबत होती.

मी दार ढकललं. आईनं मला पाहिलं आणि ती बोलायची थांबली. हात पांघरुणाखाली गेला.

“आई, डॉक्टरांशी का नाही बोलत अशी?” मी विचारलं. “माझ्याशी तरी?”

ती छताकडे बघत म्हणाली, “तिच्या काही लक्षात राहत नाही गं. तिच्याशी बोलायला बरं.”